वजन कमी करताना लाह्या व पॉपकॉर्न : एक आहारविषयक विचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, वर्षभरातील कामाचा आढावा व देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला वाचकांच्या नित्य उपयोगाचा एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असा संकेत आहे. या लेखाचा विषय वरकरणी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज किंवा यकृतावर साचलेली चरबी यांपैकी कोणत्याही कारणाने ज्यांना "वजन कमी करा" असे सांगितले जाते, त्यांची खरी अडचण दोन वेळच्या जेवणात क्वचितच असते. भाकरी, भाजी, आमटी यांचे प्रमाण ठरवून घेता येते. अडचण येते ती दुपारी चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या काळात. त्या वेळी भूक लागते, चहा होतो आणि चहाबरोबर हाती येते ती शेव, फरसाण, भजी किंवा बसस्थानकासमोरचा वडापाव. दिवसभराचा संयम या दोन-तीन तासांत वाया जातो. म्हणूनच आहारविषयक मार्गदर्शनाच्या वेळी एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "मधल्या वेळेला लाह्या खाल्ल्या तर चालतील का?" तरुण मंडळी हाच प्रश्न पॉपकॉर्नविषयी विचारतात.

याचे थोडक्यात उत्तर "चालतील" असे आहे. मात्र ते काही अटींवर अवलंबून आहे, आणि त्या अटी नीट समजून घेतल्या नाहीत तर लाह्यांनी वजन कमी होण्याऐवजी वाढूही शकते.

पॉपकॉर्न हे नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. ती मक्याची लाही होय. आपल्या श्रीगोंदे तालुक्यात, किंबहुना घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या सगळ्या मुलखात, पिढ्यानपिढ्या रब्बी ज्वारी हेच मुख्य धान्य होते आणि लाह्या म्हटल्या की ज्वारीच्याच, असे समीकरण होते. नागपंचमीला घरोघरी लाह्या होत. याच जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी म्हणून ज्वारीचा जो वाण विकसित केला, त्याचे नाव 'फुले पंचमी' असे आहे. नाव ऐकताच सण आठवावा. विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले मधुर' आणि पापडासाठी 'फुले रोहिणी' असे स्वतंत्र वाण दिले आहेत. एकाच धान्याकडे इतक्या बारकाईने पाहण्याची दृष्टी आपल्या शेतकऱ्यांकडे व संशोधकांकडे आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. साळीच्या लाह्या लक्ष्मीपूजनाला लागतात, विवाहात लाजाहोमासाठी लागतात. आणि उलट्या होणाऱ्या रुग्णाला लाह्यांचे पाणी देण्याची घरगुती रीत तर फारच जुनी आहे. चरकसंहितेत वांती थांबविणाऱ्या द्रव्यांच्या गणात 'लाजा' म्हणजे लाह्यांचा समावेश आहे. सारांश, लाही हा आजाऱ्याला सोसणारा हलका पदार्थ, अशी आपल्याकडे तिची ख्याती आहे. पण 'हलका' या शब्दानेच थोडा घोटाळा होतो, म्हणून त्याचा विचार प्रथम करू.

लाही हलकी असते म्हणजे काय?

दाणा फुटतो कसा, हे पाहिले की याचे उत्तर मिळते. लाहीच्या मक्याचे टरफल विशेष कठीण व अभंग असते आणि आत सुमारे १४ टक्के ओलावा असतो. दाणा तापू लागला की त्या ओलाव्याची वाफ होते, पण टरफलामुळे तिला बाहेर पडता येत नाही. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या जवळपास पोहोचले म्हणजे आतील दाब टरफलाला असह्य होतो, ते फाटते आणि मऊ झालेला पिष्टमय गर फेसासारखा फुलून क्षणात थिजतो. मूळ दाण्याच्या वीस ते चाळीस पट आकार होतो. जनावरांच्या चाऱ्यासाठी किंवा मुरघासासाठी लावलेला मका अशा रीतीने फुलत नाही, कारण त्याचे टरफल इतका दाब धरून ठेवू शकत नाही. ज्वारीचा दाणाही याच तत्त्वाने फुटतो. फक्त तो लहान असल्याने लाही लहान होते आणि न फुटलेले दाणे, म्हणजे गणंग, अधिक राहतात.

या सर्व प्रक्रियेत दाण्यातून बाहेर जाते ते केवळ पाणी. आत येते ती हवा. पिष्ट, प्रथिने, तंतू जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणजेच लाह्या केल्याने धान्यातील उष्मांक कमी होत नाहीत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ उष्मांक असतात. १०० ग्रॅम लाह्यांत, पाणी उडाल्यामुळे, ते उलट थोडे अधिकच भरतात. मक्याच्या लाह्या तेलाशिवाय फोडल्या तरी १०० ग्रॅमला ३८०च्या वर उष्मांक देतात. तेव्हा "लाह्या हलक्या, कितीही खाव्या" हे म्हणणे खरे नव्हे. लाही वजनाला हलकी असते; मापाने भरपूर दिसते; आणि तिचा सगळा उपयोग या मापातच आहे.

हिशेब आपल्या ओळखीच्या परिमाणात मांडू. साधारण मध्यम आकाराच्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते. २५ ग्रॅम दाणे, म्हणजे एक लहान मूठभर, घेऊन केलेल्या लाह्या या भाकरीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या अधिक भरतात. त्यांतून ८५ ते ९५ उष्मांक मिळतात. पण एवढ्या दाण्यांच्या मक्याच्या लाह्यांनी मोठे वाडगे शिगोशीग भरते. भाकरीचा तेवढाच तुकडा दोन-चार घासांत संपतो. वाडगाभर लाह्या संपवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, चावावे लागते, मध्ये पाणी प्यावे लागते. तेवढ्याच उष्मांकांचे फरसाण मात्र १५ ते २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चिमट्यांत येणारे! बशीभर, म्हणजे ५० ग्रॅम फरसाण खाल्ले तर सुमारे २७५ उष्मांक पोटात जातात. एक वडापाव ३००च्या आसपास जातो.

भूक ही केवळ उष्मांकांवर शमत नाही. जठर किती ताणले गेले, किती वेळ चावले, डोळ्यांना अन्न किती दिसले, यांवरही तृप्ती अवलंबून असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच खाऊ दोन प्रकारे देण्यात आला : एक अधिक हवा भरून फुगविलेला, दुसरा कमी हवेचा. फुगविलेला खाऊ लोकांनी मापाने बराच जास्त खाल्ला, परंतु वजनाने व उष्मांकांनी तो सुमारे २१ टक्के कमी भरला. पॉपकॉर्न व बटाट्याचे काप यांची तुलना करणारा २०१२ सालचा एक अभ्यासही बराच उद्धृत केला जातो. त्यात १०० उष्मांकांचे पॉपकॉर्न खाणाऱ्यांची भूक १५० उष्मांकांचे काप खाणाऱ्यांपेक्षा अधिक शमल्याचे आढळले. हा अभ्यास पॉपकॉर्नच्या व्यवसायातील कंपनीच्या आर्थिक साहाय्याने झाला होता व त्यात अवघ्या ३५ व्यक्ती होत्या; म्हणून त्यावर फार भार टाकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तथापि त्याचा निष्कर्ष वरच्या प्रयोगाशी आणि सामान्य अनुभवाशी जुळणारा आहे.

दुसरा गुण तंतूंचा. लाही ही अख्ख्या धान्याची असते. कोंडा, अंकुर, गर असे सर्व तिच्यात येते. मैद्याच्या बिस्किटांत, पावात किंवा पांढऱ्या मुरमुऱ्यांत ते येत नाही. ज्वारीत दर १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम व मक्यात सुमारे १२ ग्रॅम तंतू असतात. मुरमुरे हे लाह्यांचेच भाऊबंद मानले जातात, पण त्यांचा तांदूळ कोंडा काढलेला असतो आणि करतानाच त्यांत मीठ पडलेले असते. भेळ करायची तर मुरमुऱ्यांच्या जागी ज्वारीच्या लाह्या घालून पाहाव्यात. चवीला त्या कमी पडत नाहीत.

काय वाचले, ते कशासाठी?

समजा, रोजच्या फरसाणाच्या जागी लाह्या आल्या व दिवसाला १५० उष्मांक वाचले, तर महिन्याला ४,५०० उष्मांक वाचतात. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे कागदावर महिन्याला अर्ध्या किलोहून थोडी अधिक घट दिसते. प्रत्यक्षात ती त्याहून कमी होते, कारण वजन उतरू लागले की शरीर आपला खर्चही आवरते घेते. ही घट कोणाला क्षुल्लक वाटेल. पण गुडघ्यांच्या झिजेच्या रुग्णांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देहाचे वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो. वर्षात पाच किलो उतरलेली स्त्री पाण्याची घागर घेऊन चालताना हा फरक स्वतः अनुभवते. तिला आकडेवारीची गरज पडत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींविषयी अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहार, व्यायाम व सुमारे ७ टक्के वजनघटीचे उद्दिष्ट एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते.

आपल्याकडे हा प्रश्न शहरी व सुखवस्तू लोकांचा मानण्याची पद्धत होती. ती आता सोडून द्यावी लागेल. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आढळले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. घोड धरणाचे व कुकडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस व फळबागा आल्या, हाती पैसा आला, दुचाकी आली. हे सर्व स्वागतार्हच आहे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु चालणे कमी झाले आणि तळलेले, गोड व मैद्याचे पदार्थ रोजचे झाले.

यात आपल्या शरीराची एक विशेष अडचण आहे, आणि ती ज्यांनी दाखवून दिली ते संशोधन आपल्या शेजारीच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्वच बाबतींत लहान होती; स्नायू तर फारच कमी होते; चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश व आतून मेदयुक्त अशी ही प्रकृती मोठेपणीही राहते. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३ इतका होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढील निर्देशांक हा सावधतेचा इशारा मानला जातो, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते.

लाह्यांशी याचा संबंध असा की, ज्या शरीरात मुळात स्नायू कमी आहेत त्या शरीराने वजन उतरवताना उरलेले स्नायू गमावून चालत नाही. स्नायू टिकवायचे तर प्रथिने हवीत व अंगमेहनत हवी. २५ ग्रॅम दाण्यांच्या लाह्यांतून प्रथिने मिळतात ती जेमतेम अडीच ग्रॅम. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. तेव्हा लाही हा भुकेला आधार आहे, पोषणाला नव्हे. "मॅडम, भाकरी सोडली, आता दोन्ही वेळा लाह्याच खातो," असे मोठ्या समाधानाने सांगणारे आजोबा भेटतात, तेव्हा त्यांना प्रथम जेवणावर परत आणावे लागते : "बाबा, भाकरी सोडू नका, बरोबरची वाटीभर डाळ तर मुळीच सोडू नका. लाह्या फक्त चहाच्या वेळेला." लाह्यांत मूठभर, म्हणजे २० ग्रॅम फुटाणे मिसळले की चार-साडेचार ग्रॅम प्रथिनांची भर पडते, जोडीला पेलाभर ताक घेतले तर उत्तमच. शेंगदाणेही पौष्टिक आहेत, परंतु ते मोजून घ्यावेत. २५ ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १३० उष्मांक असतात आणि शेंगदाण्यांची मूठ कधी एकीवर थांबत नाही.

मधुमेही व्यक्तींसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. फुलल्यामुळे धान्यातील पिष्ट लवकर पचते व रक्तातील साखर भाकरीच्या मानाने वेगाने चढू शकते. मुरमुऱ्यांत हा दोष अधिक, अख्ख्या धान्याच्या लाह्यांत कमी. पण नाहीच असे नाही. फुटाण्यांची किंवा ताकाची जोड येथेही उपयोगी पडते. ज्यांच्या घरी साखर तपासण्याचे यंत्र आहे त्यांनी लाह्या खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा तपासून पाहावे. प्रत्येकाचे शरीर वेगळे उत्तर देते आणि ते उत्तर या लेखापेक्षा अधिक विश्वसनीय समजावे.

चांगल्या वस्तूचा बिघाड

एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक. लाह्या तेल, तूप, लोणी भरपूर शोषून घेतात. ती पोकळ वस्तूच आहे. घरी दोन माणसांच्या लाह्यांना एक चमचा तेल पुरते. चित्रपटगृहातील मोठ्या डब्यात तेल व लोणी किती आहे हे दिसत नाही, मापही आपले राहत नाही आणि अंधारात, पडद्याकडे पाहत खाताना हात केव्हा थांबवावा हे कळत नाही. 'घरी तीन मिनिटांत तयार' अशा पाकिटांतही बहुधा घट्ट पामतेल व मीठ आधीच मिसळलेले असते. पाकिटाच्या मागील बाजूची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. कॅरॅमल लावलेले पॉपकॉर्न ही तर सरळ मिठाई होय. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने खाऱ्या पॉपकॉर्नपेक्षा कॅरॅमलच्या पॉपकॉर्नवर अधिक कर का, याचे स्पष्टीकरण देताना ते साखरेच्या मिठाईत मोडते असे सांगितले, तेव्हा देशभर थट्टा झाली. आहारशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते वर्गीकरण अचूक होते!

मिठाविषयी वेगळे सांगितले पाहिजे. दिवसभराचे सर्व मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट चमच्याएवढे असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, ठेचा यांत आपला तो वाटा बहुधा दुपारीच संपलेला असतो. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी लाह्यांना मीठ लावूच नये. जिरेपूड, आमचूर, भाजलेल्या कढीपत्त्याची भुकटी यांनी चव येते.

उपवासाचा प्रश्नही येतोच. मका व ज्वारी उपवासाला चालत नाहीत. राजगिऱ्याच्या लाह्या चालतात. साबुदाण्याच्या तुपकट खिचडीपेक्षा दूध किंवा दही घालून खाल्लेल्या राजगिऱ्याच्या लाह्या कितीतरी बऱ्या. मात्र राजगिऱ्याचा लाडू म्हणजे लाह्यांइतकाच गूळ, हे ध्यानात असू द्यावे.

कोणाला देऊ नयेत?

हा भाग रुग्णांच्या नातेवाइकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. चार वर्षांखालील मुलांना पॉपकॉर्न किंवा ज्वारीच्या लाह्या देऊ नयेत. लाही किंवा गणंग श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो व तो जीवावर बेतू शकतो. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांनाही त्या वर्ज्य आहेत. कवळी असणाऱ्या वृद्धांनी लाह्यांचे पीठ ताकात कालवून घ्यावे. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय लाह्या आणून भरवू नयेत. मोठ्या आतड्याला पिशवीसारखे फुगवटे आलेल्या रुग्णांना पूर्वी पॉपकॉर्न कटाक्षाने बंद करीत असत. २००८ साली सुमारे ४७,००० पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासातून ती भीती निराधार असल्याचे दिसून आले.

याहून महत्त्वाची बाब अशी की, एकाच घरात वजन उतरवायचे असलेली सून आणि वजन वाढवायचे असलेले सासरे असू शकतात. क्षयरोगाचा उपचार चालू असलेला रुग्ण, अंगावर पाजणारी कृश माता, अशक्त शाळकरी मुलगी यांना मधल्या वेळेला पोट भरणाऱ्या परंतु पोषण बेताचे देणाऱ्या लाह्या देणे योग्य नव्हे. लाहीचा जो गुण स्थूल माणसाला तारक, तोच कृश माणसाला मारक ठरतो. त्यांना शेंगदाण्याचा लाडू, अंडे, दूध-पोहे द्यावेत. घरात पथ्य एकाचे असते; ते सर्वांवर लादू नये.

करण्याची रीत

मक्यासाठी जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा तेल घालून दोन दाणे टाकावेत. ते फुटले की दोन माणसांसाठी ५० ग्रॅम दाणे टाकून झाकण किंचित फटीने ठेवावे, म्हणजे वाफ निघून जाते व लाह्या कुरकुरीत होतात. दोन दाणे फुटण्यातील अंतर दोन-तीन सेकंदांवर गेले की आच बंद करावी. सर्व दाणे फुटण्याची वाट पाहिल्यास तळच्या लाह्या करपतात.

ज्वारीसाठी आदल्या संध्याकाळी दाण्यांवर पाण्याचा हबका मारून ते ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत व सकाळी सावलीत कोरडे करावेत. लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी एकच मूठ ज्वारी टाकावी व फडक्याच्या बोळ्याने सतत हलवावी. येथे तेल लागत नाही. नंतर चाळून गणंग काढून टाकावेत, कारण दात दुखावतात ते त्यांनीच. लाह्या डबाभर करून ठेवण्यापेक्षा लागतील तेवढ्याच कराव्यात आणि वाडग्यात वाढून घेऊन डबा किंवा पातेले समोरून दूर ठेवावे. वर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर व फुटाणे घालावेत. आपल्या तालुक्यातील लिंबांना दूरदूरच्या बाजारात मागणी असते. अर्धे लिंबू पिळले की मिठाची उणीव भासत नाही. लिंबू मात्र खायला बसल्यावरच पिळावे. आधी पिळल्यास लाह्या मऊ पडतात.